चाहत्याचे मत आणि समीक्षेचे मौन

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची दुसरी आवृत्ती पहिलीच्या मानाने निःसत्त्व आहे. बॅटमॅन हा सुपरमॅनपेक्षा श्रेष्ठ आहे. आणि पिझ्झ्यावर अननसाच्या फोडी घालणे हा अक्षम्य अपराध आहे. अमेरिकन लोकप्रिय संस्कृतीचा सर्वसामान्य चाहता ही तीन विधाने एका दमात करतो, आणि ती ऐकणारा त्याचा मित्र तिन्हींशी वाद घालायला सारख्याच तत्परतेने सरसावतो. विद्यापीठीय समीक्षेच्या कानावर हे संभाषण पडले तर तिची प्रतिक्रिया ठरलेली असते. तिन्ही विधानांवर ती ‘वैयक्तिक आवडनिवड’ अशी चिठ्ठी डकवते आणि त्यांना एकाच कप्प्यात टाकते. मतभेद असलाच तर तो कप्प्याच्या नावाबद्दल. जुन्या वळणाचा समीक्षक त्याला अभिरुचिहीनता म्हणतो, नव्या वळणाचा अभ्यासक ग्रहणाची सामग्री. पहिल्या दोन विधानांना काही उत्तर द्यावे लागेल, ती समर्थनीय किंवा असमर्थनीय ठरू शकतील, ही शक्यता दोघांच्याही मनाला शिवत नाही.

हा प्रमाद वरवरचा नाही. त्याचा संबंध सौंदर्यविधानाच्या मूळ स्वरूपाशी पोचतो. कांटने १७९० च्या ग्रंथात सुखद आणि सुंदर यांच्यात केलेला भेद मराठी वाचकाला रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे (१९७४) चांगला परिचित आहे. कॅनरी बेटांची मदिरा सुखद आहे असे म्हणणाऱ्याला ‘तुला सुखद आहे असे म्हण’ अशी दुरुस्ती कोणी सुचवली, तर तो ती निमूटपणे मान्य करतो. सुंदर म्हणणाऱ्याला मात्र ही दुरुस्ती परवडत नाही. त्याचे विधान इतरांच्या संमतीवर हक्क सांगत असते. आता हीच कसोटी चाहत्याच्या विधानांना लावून पाहावी. अननसाबद्दल फारच ताणून धरले तर तो हसतो आणि ‘ज्याची त्याची जीभ’ म्हणून विषय सोडतो. दुसऱ्या आवृत्तीबद्दल तो सोडत नाही. तो कारणे देतो. १९८९ च्या त्या आवृत्तीतून मारेकऱ्याचा वर्ग वगळला गेला, नरकातील राक्षस आणि सैतान हद्दपार झाले. आधीच्या दशकात धार्मिक गटांनी या खेळाविरुद्ध उठवलेल्या गदारोळापुढे प्रकाशकाने मान तुकवली. आणि दुष्टाव्याला चेहराच उरला नाही तेव्हा पराक्रमालाही अर्थ उरला नाही, असा त्याचा युक्तिवाद असतो. त्याचा प्रतिपक्षीही गप्प बसत नाही. विस्कळीत नियमांना याच आवृत्तीने शिस्त लावली, देवतेनुसार पुरोहिताचे स्वरूप बदलण्याची सोय तिनेच रुजवली, हे तो पुढे करतो. येथे पूर्वपक्ष आहे, उत्तरपक्ष आहे, आणि दोघांच्या हाताशी एकच संहिता आहे. यापेक्षा अधिक काही मराठीतील कित्येक परिसंवादांत असते असे म्हणणे धाडसाचे होईल.

अननसाचे विधानही दिसते तितके निराधार नाही. ह्यूमने अभिरुचीच्या निकषावरील १७५७ च्या निबंधात ‘डॉन किहोते’मधील सांचोच्या दोन नातेवाइकांची गोष्ट उपयोगात आणली आहे. पिंपातल्या मदिरेची चव घेऊन एकाने तिला चामड्याचा वास येतो म्हटले, दुसऱ्याने लोखंडाचा. लोक हसले. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडली. तात्पर्य, जिभेच्या मतालाही तळाशी किल्ली असू शकते. ती शोधायची की नाही हे बोलणाऱ्यांच्या इच्छेवर अवलंबून असते. अननसाच्या बाबतीत कोणी पिंप रिकामे करण्याच्या फंदात पडत नाही, एवढेच. आवडीच्या दैनंदिन गप्पांतून गंभीर विधाने अलग काढण्याची रेषा विषयानुसार आखता येत नाही, कारणे मागितली जातात की नाही यानुसार आखावी लागते. आणि ती आखण्याचे काम चाहता प्रत्येक संभाषणात नकळत करीत असतो. जे भान त्याला आहे ते त्याच्यावर ग्रंथ लिहिणाऱ्यांना का नसावे?

या ग्रंथकारांचा इतिहास एका व्यक्तीच्या चरित्रात जवळजवळ संपूर्ण सामावला आहे. फ्रेड्रिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने १९५४ मध्ये ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक प्रसिद्ध करून कॉमिक्स मुलांना गुन्हेगारीकडे नेतात असा आरोप केला. बॅटमॅन आणि रॉबिन यांच्या सहवासात त्याला समलिंगी संसाराचे स्वप्न दिसले. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे त्याची साक्ष झाली आणि प्रकाशकांनी धास्तावून स्वतःवरच ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला. वर्थमचे सर्व साक्षीदार मुलेच होती, पण त्यांचे बोलणे त्याच्या लेखी रोगलक्षण होते. २०१२ मध्ये कॅरल टिली या ग्रंथपालनशास्त्राच्या संशोधिकेने त्याची मूळ टिपणे तपासून दाखवून दिले, की मुलांची विधाने त्याने छाटली होती, निरनिराळ्या मुलांची विधाने एकत्र केली होती आणि आपल्या सिद्धान्ताला अडचणीची ठरणारी माहिती गाळली होती. हे सर्व आता बऱ्यापैकी ज्ञात आहे. कमी ज्ञात आहे ते याच वर्थमचे १९७३ चे पुस्तक. ‘द वर्ल्ड ऑफ फॅनझीन्स’ हे त्याचे नाव, आणि विषय चाहत्यांनी स्वखर्चाने काढलेली नियतकालिके. या पुस्तकात वर्थम चाहत्यांची मनापासून प्रशंसा करतो. नफ्याची अपेक्षा न धरता, कोणाच्या नियंत्रणाखाली न राहता चाललेला हा संवाद त्याला निरोगी वाटतो. एकोणीस वर्षांत रोगाचे आरोग्य झाले!

ज्यांना यात वर्थमचे हृदयपरिवर्तन दिसते त्यांनी दोन्ही पुस्तके एकमेकांशेजारी ठेवावीत. दोन्हींत दृष्टी तीच आहे. एकात निदान प्रतिकूल, दुसऱ्यात अनुकूल, पण निदानच. चाहते बोलतात या गोष्टीचे त्याला कौतुक आहे, ते काय बोलतात याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आणि नेमका हाच प्रवास पुढे संपूर्ण ज्ञानशाखेने केला. अडोर्नो आणि होर्कहायमर यांच्या संस्कृतिउद्योगाच्या मीमांसेत ग्राहकाचे मत हे यंत्रातून बाहेर पडणारे यंत्राचेच उत्पादन असते, त्यामुळे त्याच्याशी वाद घालणे हे ध्वनिमुद्रिकेशी वाद घालण्यासारखे ठरते. १९९२ मध्ये जॉन फिस्क आणि हेन्री जेन्किन्स यांनी हे चित्र उलटे केले. चाहता निष्क्रिय नाही, तो अर्थनिर्मिती करतो. दे सेर्तोचा शब्द उसना घेऊन जेन्किन्स त्याला संहितेच्या रानात शिरून चोरटी शिकार करणारा म्हणतो. त्याच्या ‘टेक्स्चुअल पोचर्स’मध्ये चाहत्यांच्या समीक्षेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु त्या प्रकरणात चाहते मूल्यमापन कसे करतात याचे वर्णन आहे. त्यांचे एखादे मूल्यमापन बरोबर किंवा चूक आहे असे जेन्किन्स कोठेही म्हणत नाही. मानववंशशास्त्रज्ञाने पाहुण्या गावातील भांडणात न पडण्याचा जो संकेत पाळावा, तो येथे गावातच जन्मलेला मनुष्य पाळतो आहे, कारण जेन्किन्स स्वतःला उघडपणे चाहता म्हणवतो. अनादराइतकाच हा आदरही अपमानास्पद आहे. ज्याच्या मताचा खरोखर आदर असतो त्याला ‘तुझे चुकते आहे’ असे सांगता येते. लोकप्रिय संगीताच्या संदर्भात सायमन फ्रिथने १९९६ मध्ये ही उणीव दाखवून दिली होती. त्याच्या पुस्तकाला मान मिळाला, अनुयायी फारसे मिळाले नाहीत.

बोर्द्यूचे प्रकरण निराळे, पण थोडक्यात आटोपण्याजोगे आहे. ‘डिस्टिंक्शन’ (१९७९) या ग्रंथासाठी त्याने १२१७ फ्रेंच माणसांच्या पसंती गोळा केल्या आणि त्या वर्गस्थितीशी जुळतात असे दाखवले. जुळतात हे मान्य. परंतु प्रश्नावलीत पसंतीचे रकाने होते, कारणांना तशी ऐसपैस जागा नव्हती. कारणे वगळून मते मोजली म्हणजे उरते ते मोजणाऱ्याच्या सिद्धान्तात बसतेच.

कारणे वगळली नाहीत तर काय हाती लागते, याचे उत्तम उदाहरण भूमिकाखेळाच्या आरंभकाळात मिळते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ च्या जानेवारीत विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहान गावातून प्रसिद्ध झाला. तीन पुस्तिकांची एक पेटी, पहिली छपाई एक हजार प्रतींची. खेळ म्हणजे चार-सहा जणांनी टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घ्यायची, एकाने कथेचे सूत्रसंचालन करायचे आणि साहसाचे बरेवाईट फासे टाकून ठरवायचे. हा खेळ मुळात एका वाचकाच्या आवडीनिवडीचा आविष्कार होता. १९७९ च्या सूत्रधारपुस्तिकेला गायगॅक्सने जोडलेले ‘एन’ क्रमांकाचे परिशिष्ट म्हणजे त्याला आवडलेल्या लेखकांची यादी आहे. रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स, लव्हक्राफ्ट, मेरिट, द कॅम्प आणि प्रॅट यांचे ऋण तो विशेषत्वाने मानतो. टोल्किनचे नाव यादीत आहे, पण या ऋणको-धनकोंच्या पंक्तीत त्याला पाट नाही. ‘हॉबिट’ गायगॅक्सला आवडत असे, नंतरची कादंबरी-त्रयी रटाळ वाटे. खेळातील हॉबिट-सदृश मंडळी टोल्किनच्या वाचकांना ओढून घेण्यासाठी आहेत, अशा अर्थाचे प्रतिपादन त्याने १९८५ च्या एका लेखात केले.

हे मत बरोबर होते काय? प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि चाहत्यांनी तो विचारला. टोल्किनच्या वारसदारांच्या बाजूने कायदेशीर आक्षेप आल्यावर १९७७ च्या सुमारास ‘हॉबिट’ हे नाव काढून ‘हाफलिंग’ करावे लागले, ही घटना गायगॅक्सच्या आत्मवृत्ताविरुद्ध साक्ष देते. बुटके, यक्षसदृश एल्फ, मानव आणि अर्धमानव यांनी मिळून मोहिमेवर निघण्याची कल्पना हॉवर्डच्या एकाकी रानटी नायकातून निघत नाही. मात्र जादूच्या बाबतीत गायगॅक्सचे म्हणणे पूर्णपणे खरे आहे. मांत्रिक मंत्र पाठ करतो आणि उच्चारताच तो विसरतो, ही विलक्षण कल्पना व्हान्सच्या ‘द डाइंग अर्थ’मधून (१९५०) जशीच्या तशी आलेली आहे. म्हणजे प्रभावासंबंधीचे लेखकाचे विधान अंशतः खरे, अंशतः खोटे; आणि त्याचा निवाडा संहितेच्या आधारे होऊ शकतो. वाङ्मयीन प्रभावाच्या कोणत्याही प्रबंधात हेच करतात.

याहून महत्त्वाचे ते पुढेच आहे. मंत्र विसरण्याचा नियम अनेक खेळाडूंना पटला नाही. तसाच चिलखताचाही. गायगॅक्सच्या नियमानुसार चिलखत घातलेल्या योद्ध्याला वार लागण्याची शक्यता कमी होते. लागला तर मात्र इजा पूर्ण. आक्षेप असा, की चिलखत घातलेला माणूस उलट जड होतो, त्याला वार सहज लागेल. चिलखत वार चुकवत नाही, शोषून घेते. १९७५ मध्ये ली गोल्ड यांनी लॉस एंजेलिसहून सुरू केलेल्या ‘अलारम्स अँड एक्स्कर्शन्स’ या चाहत्यांच्या नियतकालिकात जादू, जखमा आणि लढाई यांच्या नियमांवर महिनोन्महिने खल होत असे. दर सभासदाने आपली पाने लिहून पाठवायची, आधीच्या अंकातील प्रत्येकाला उत्तर द्यायचे, असा त्याचा शिरस्ता. कॅलिफोर्नियातील स्टीव्ह पेरिन याने १९७६ मध्ये लढाईच्या नियमांची आपली पर्यायी मांडणी वाटली. आणि १९७८ मध्ये त्याच्याच प्रमुख कर्तृत्वाने ‘रुनक्वेस्ट’ हा संपूर्ण नवा खेळ अवतरला. त्यात चिलखत वार शोषते, जखम शरीराच्या विशिष्ट अवयवाला होते, पात्रांना ठरीव वर्ग नाहीत. ‘मला हे पटत नाही’ पासून ‘मग असे असावे’ पर्यंतचा हा प्रवास अवघ्या चार वर्षांचा. गायगॅक्सचा बचावही दुबळा नव्हता. नियमांचे काम वास्तवाचे अनुकरण करणे नसून साहसाला गती देणे आहे, अवयवागणिक जखमा मोजत बसल्यास कथा कोंडते, असे त्याच्या बाजूने म्हणता येते. अनुकृती की संकेत, हा प्रश्न ॲरिस्टॉटलपासून चालत आलेला आहे. चिलखताच्या निमित्ताने तो विशीतल्या पोरांनी फाशांच्या टेबलावर लढवला, म्हणून तो दुसरा कोणता प्रश्न होत नाही.

१९८० मध्ये ग्लेन ब्लॅको या खेळाडूने ‘डिफरंट वर्ल्ड्‌स’ या नियतकालिकात खेळण्याच्या चार वृत्ती सांगितल्या. कोणी सामर्थ्य कमावण्यासाठी खेळतो, कोणी डावपेचांसाठी, कोणी पात्राशी एकरूप होण्यासाठी, कोणी कथेसाठी. प्रेरणा घरगुती होती. एकाच टेबलावर बसलेली माणसे एकमेकांवर का चिडतात याचा उलगडा त्याला करायचा होता. आस्वादक समीक्षेवरून मराठीत झालेल्या जुन्या भांडणांतही आस्वादकांच्या वृत्तिभेदाचा इतका स्वच्छ आणि कामाचा आराखडा क्वचितच हाती लागला. जॉन पीटरसनने २०२० मध्ये ‘द इल्यूसिव्ह शिफ्ट’ या ग्रंथात या सर्व वादांचा इतिहास लिहिला आणि या प्रकारचे सिद्धान्तन विद्यापीठांच्या कितीतरी आधी चाहत्यांनी केले होते हे कागदोपत्री दाखवले. इतिहासकाराने आपले काम केले. समीक्षकाचे काम शिल्लक आहे.

सुपरहिरोंच्या प्रांतात चाहता आणि कर्ता यांचे नाते आणखी जुने आहे. सुपरमॅनचा जनक जेरी सीगल हा आधी चाहता होता. १९३३ मध्ये ‘सुपरमॅन’ हे नाव त्याने प्रथम वापरले ते स्वतः काढलेल्या हस्तोद्योगी नियतकालिकात, आणि तेही एका खलपुरुषासाठी. १९६१ मध्ये ‘ऑल्टर एगो’ हे चाहत्यांचे नियतकालिक जेरी बेल्सने रॉय टॉमसच्या साहाय्याने काढले, आणि हाच टॉमस १९७२ मध्ये मार्व्हलचा प्रमुख संपादक झाला. पण येथे लक्ष वेधायचे आहे ते पत्रव्यवहाराच्या पानाकडे. साठच्या दशकात मार्व्हलच्या वाचकांना कथांतील विसंगती शोधण्याचा छंद लागला. अमुक अंकात मेलेला माणूस तमुक अंकात कसा, वगैरे. स्टॅन ली याने त्यांच्यासाठी ‘नो-प्राइझ’ म्हणजे न-पारितोषिक ठेवले. पुढे पुढे ते रिकाम्या लिफाफ्याच्या रूपाने घरपोच येऊ लागले. कालांतराने त्याची अट बदलली. चूक दाखवणे पुरेसे नाही; ती चूक वस्तुतः चूक का नाही हे पटवून देईल त्याला पारितोषिक.

पूर्वमीमांसेच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला ही अट ओळखीची वाटावी. परस्परविरुद्ध भासणाऱ्या वाक्यांची एकवाक्यता साधणे, विरोध आभासात्मक आहे असे दाखवणे, हा टीकाकारांचा शतकानुशतकांचा व्यवसाय होता. वेदवाक्य प्रमाण मानले म्हणून हा खटाटोप करावा लागे. चाहत्याला मात्र पक्के ठाऊक असते की कथा एका थकलेल्या, मुदतीमागे धावणाऱ्या लेखकाने लिहिली आहे आणि चूक ही चूकच आहे. तरीही तो समन्वय शोधतो. श्रद्धेवाचून केलेली मीमांसा म्हणावी अशी ही गोष्ट आहे. उंबेर्तो एकोने १९६२ च्या निबंधात सुपरमॅनच्या कथांतील काळाचा प्रश्न मांडला: नायक कृती करतो पण कृतीने झिजत नाही, प्रत्येक कथा आधीची कथा घडलीच नाही अशा थाटात सुरू होते. निबंध मर्मग्राही आहे. मात्र याच काळात पत्रांच्या पानावर मुले नेमके हेच विचारत होती, आणि काळ साचून न राहता पुढे सरकावा अशी मागणी करत होती. एकोने निरीक्षण केले आणि तेथून विचारसरणीच्या विश्लेषणाकडे वळला. मुलांना कथा सुधारून हवी होती.

मताचे रूपांतर संख्येत झाले म्हणजे काय होते, हे १९८८ मध्ये जेसन टॉडच्या निमित्ताने दिसले. हा दुसरा रॉबिन. १९८३ मध्ये तो आला तेव्हा पहिल्या रॉबिनची नक्कल होता, सर्कशीतील पोरका मुलगाच. १९८७ मध्ये त्याचे पूर्वचरित्र बदलून त्याला बॅटमॅनच्या गाडीची चाके चोरणारा रस्त्यावरचा पोरगा केले. वाचकांची त्याच्याबद्दलची नाराजी निव्वळ लहर नव्हती. नक्कल म्हणून त्याला स्वत्व नव्हते, आणि स्वत्व देताना त्याला उद्धट केले गेले. शिवाय एका कथेत त्याने एका बलात्काऱ्याला गच्चीवरून ढकलले की तो आपोआप पडला, हे मुद्दाम संदिग्ध ठेवले गेले. येथून पुढे दोन वाचने संभवत होती. एक, बॅटमॅनच्या नैतिक चौकटीत हा मुलगा बसूच शकत नाही. दोन, याच मुलामुळे त्या चौकटीची परीक्षा होते, म्हणून तो हवाच. ही खरी समीक्षा होती, आणि ती फलद्रूप झाली असती तर बॅटमॅनच्या कथेचा गाभाच हलला असता. संपादक डेनिस ओ’नील यांनी काय केले? जोकरने स्फोटात उडवलेला जेसन जगावा की मरावा यासाठी दोन दूरध्वनी क्रमांक जाहीर केले. प्रत्येक मतास पन्नास सेंट. मरावा ५३४३, जगावा ५२७१. बहात्तर मतांनी एक पात्र मेले. कोणा एकानेच पुष्कळ मते टाकली असावीत, अशी शंका पुढे खुद्द ओ’नील यांनी बोलून दाखवली.

या प्रसंगाकडे लोकशाहीचा विजय किंवा बाजाराची क्रूरता म्हणून पाहण्याची चाल आहे. दोन्ही व्याख्या मूळ हानी पाहत नाहीत. मारा म्हणणाऱ्यांत नैतिक चौकटीचा युक्तिवाद करणारा होता, जेसनचे केस न आवडणाराही असेल. दूरध्वनीच्या यंत्रात दोघे सारखे झाले. ‘कारण’ हा शब्द उच्चारण्याची सोय त्या यंत्रात नव्हती. २००५ मध्ये जेसनला पुन्हा जिवंत करण्यात आले, आणि या वेळी तो गुन्हेगारांना ठार मारणारा, बॅटमॅनला जोकरच्या जिवंतपणाचा जाब विचारणारा तरुण होता. म्हणजे सतरा वर्षांपूर्वी वाचकांपुढे उभ्या राहिलेल्या दुसऱ्या वाचनाकडेच लेखकांना परतावे लागले.

चाहत्याची बाजू घेणे म्हणजे त्याची सर्व मते शिरोधार्य मानणे नव्हे. २०१९ मध्ये ‘कॅप्टन मार्व्हल’ हा स्त्रीनायिकेचा चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच त्याच्याविरुद्ध प्रतिकूल मतांचा इतका मारा झाला, की रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाला प्रदर्शनपूर्व अभिप्रायांची सोय बंद करावी लागली. संस्कृतिअभ्यासकांची येथे पंचाईत झाली. चाहता म्हणजे प्रतिकारक, हे समीकरण मांडून बसलेल्यांना हा प्रतिकार कोणत्या खात्यात लिहावा कळेना, तेव्हा ‘विषारी चाहतेपणा’ असे नवे खाते उघडण्यात आले. पुन्हा निदान! वास्तविक उत्तर साधे आणि जुने आहे. सौंदर्यविधान करणाऱ्याने वस्तूचा अनुभव स्वतः घेतलेला असला पाहिजे, ही कांटची अट आहे. न पाहिलेल्या चित्रपटाबद्दलचे मत हे दुष्ट मत आहे की नाही हा प्रश्न पुढचा. आधी ते सौंदर्यविषयक मतच नाही. ज्या समीक्षेने मताला मत म्हणून वागवण्याचे सोडले, तिला एवढे साधे वाक्य उच्चारण्याचा अधिकार राहिला नाही.

आपल्याकडे याहून बरी स्थिती आहे असा कोणाचा समज असल्यास बाबुराव अर्नाळकरांचे स्मरण करावे. त्यांच्या पुस्तकांचा आकडा हजारावर जातो, हे मराठी साहित्याचा प्रत्येक विद्यार्थी सांगू शकतो. धनंजयच्या कथा झुंजारच्या कथांहून सरस की नीरस, काळापहाड कोणत्या टप्प्यावर कंटाळवाणा होतो, या प्रश्नांवर दोन पिढ्यांच्या वाचकांची ठाम मते होती. वाचनालयाच्या पायऱ्यांवर त्यांचे खंडनमंडन होई. त्यातले काय टिपले गेले? आकडा टिपला गेला. इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळाचे वाचक आज साठीत आहेत, त्यांची मते त्यांच्याबरोबर जातील. आणि ज्या मराठी विभागांत आता लोकप्रिय संस्कृतीचा अभ्यासक्रम नेमला जातो, तेथे स्वतः सुपरहिरोंचे चित्रपट कारणांसह आवडणारी वा नावडणारी मुले बसलेली असतात. त्यांना पहिल्या सत्रातच शिकवले जाते की ‘मला हा चित्रपट या कारणाने फसलेला वाटतो’ हे वाक्य लिहायचे नाही, ‘या चित्रपटाचे ग्रहण अशा अशा गटांत असे असे झाले’ हे लिहायचे. सहृदय म्हणून आत आलेला विद्यार्थी सर्वेक्षक होऊन बाहेर पडतो. अभिनवगुप्ताचे नाव मात्र त्याच्या प्रश्नपत्रिकेत दुसऱ्या विभागात असते.

२०२३ च्या जानेवारीत भूमिकाखेळाच्या जगात जे घडले ते या संदर्भात पाहण्यासारखे आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची सध्याची मालक कंपनी, विझर्ड्स ऑफ द कोस्ट, हिने २००० साली दिलेल्या खुल्या परवान्यावर इतर शेकडो खेळ आणि पुस्तके उभी राहिली होती. तो परवाना रद्द करून नवा आणण्याचा कंपनीचा मनसुबा फुटला. कंपनीच्या पक्षाचा सर्व भार जुन्या परवान्याच्या नवव्या कलमातील ‘अधिकृत’ या एका विशेषणावर होता: परवान्याची कोणतीही अधिकृत आवृत्ती वापरता येईल, असे ते कलम म्हणते, मग एखादी आवृत्ती अनधिकृत घोषित करता येते काय? खेळाडूंनी त्या शब्दाचा कीस काढला. परवान्याचा मूळ शिल्पकार रायन डॅन्सी याने तो कायमचा असावा असाच हेतू होता असे जाहीर केले. त्यावर दुसऱ्यांनी विचारले, कर्त्याचा हेतू संहितेत लिहिलेला नसेल तर तो प्रमाण मानावा काय? दोन आठवडे हजारो सामान्य खेळाडू, आपण वाङ्मयसिद्धान्ताच्या मध्यवर्ती प्रश्नावर वाद घालतो आहोत याची जाणीवही नसताना, तो वाद घालत होते, आणि त्यांच्या उपजीविका त्यावर अवलंबून होत्या. अखेरीस कंपनीने एक सर्वेक्षण घेतले. पंधरा हजारांहून अधिक उत्तरे आली, त्यांतील ८९ टक्के जुना परवाना रद्द करण्याबद्दल असमाधानी निघाली, आणि २७ जानेवारीला कंपनीने माघार घेऊन खेळाचे मूळ नियम सर्वांना खुले केले. ‘अधिकृत’ या शब्दाचा अर्थ काय, हे ठरायचे राहिले ते राहिलेच.